ब्राझीलचा 'फंक', पंढरीचा 'नॉनस्टॉप': आपलं भांडण संगीताशी आहे की आवाजाशी?

आषाढी जवळ आली की मोबाइलवर एक ठरलेलं दृश्य दिसू लागतं. ड्रोनमधून टिपलेला वारकऱ्यांचा पांढराशुभ्र लोट, वर भगव्या पताका, रिंगणात सुटलेला अश्व. मागे टाळ-मृदंग वाजत असतो. मग एक-दोन सेकंद एकदम शांतता, आणि त्यानंतर येतो दणका.

अशा कित्येक रील्समधला तो दणका ना आळंदीचा असतो, ना पंढरपूरचा. त्याचं मूळ गाव आहे ब्राझीलमधलं रिओ दी जानेरो. तिथल्या डोंगरउतारावरच्या गरीब वस्त्यांमध्ये जन्मलेला ठेका आज जिममधल्या व्हिडिओंपासून बैलगाडा शर्यतींपर्यंत आणि शिवरायांच्या चित्रफितींपासून देवाच्या गाण्यांपर्यंत सगळीकडे वाजतोय. अॅपवर त्याला 'ब्राझिलियन फॉन्क' म्हणतात.

कुणाला हे ऐकून अंगावर काटा येतो, तर कुणाच्या तळपायाची आग मस्तकात जाते. 'देवाच्या गाण्याची काय दशा केली' ही प्रतिक्रियाही ठरलेली. पण हे संगीत आलं कुठून, गाणी एकमेकांत मिसळण्याचा हा प्रकार खरंच परका आहे का आणि यात नेमकं चुकतंय काय, हे समजून घ्यायचं तर आधी रिओला जावं लागेल आणि मग पंढरपूरला परत यावं लागेल.

नाव अमेरिकेचं, गाणं रिओचं

१९७० च्या दशकात रिओत गरीब आणि कृष्णवर्णीय तरुणांच्या नाचाच्या मोठमोठ्या पार्ट्या व्हायच्या. त्यांना तिथे 'बायले' म्हणतात. वाजायच्या अमेरिकेतून आलेल्या सोल आणि फंक संगीताच्या तबकड्या. म्हणून नाव पडलं 'बायले फंक'.

पुढे १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या मायामी शहरातलं नवं संगीत रिओत पोहोचलं. इलेक्ट्रॉनिक ड्रम मशीनवर वाजवलेलं, छातीत धडधड करणाऱ्या बासचं. संगीत बदललं, पण नाव 'फंक'च राहिलं. आज ब्राझीलचा फंक आणि अमेरिकेचा फंक यांच्यात फारसं साम्य सापडत नाही, त्याचं कारण हे.

गंमत अशी की नाचणाऱ्यांपैकी बहुतेकांना इंग्रजी येत नव्हतं. मग इंग्रजी ओळ जशी कानावर पडेल तिच्यासारखे वाटणारे पोर्तुगीज शब्द लोक स्वतःच जोडायचे आणि गर्दीत ओरडायचे. म्हणजे तबकडी परदेशी, पण गाणं अर्धंअधिक गर्दीनेच रचलेलं.

हे सगळं एक तरुण मानववंशशास्त्रज्ञ जवळून बघत होता. त्याचं नाव एर्मानो वियाना. त्याने या पार्ट्यांवर अभ्यास केला आणि १९८८ मध्ये पुस्तक लिहिलं. पण त्याने आणखी एक गोष्ट केली. डीजे मार्लबोरो नावाच्या रिओतल्या डीजेला एक ड्रम मशीन दिलं.

१९८९ मध्ये मार्लबोरोने 'फंक ब्राझील' नावाचा अल्बम काढला. वेगवेगळ्या गायकांची गाणी एकत्र केलेलं हे संकलन होतं आणि गाणी होती पोर्तुगीज भाषेत. तोपर्यंत बाहेरच्या तबकड्या वाजवणारं रिओ या संकलनानंतर स्वतःचं संगीत वाजवू लागलं.

त्यानंतरचा टप्पा जास्त महत्त्वाचा. १९९० च्या दशकाच्या शेवटी मायामीचा आयात ठेका मागे पडला आणि 'तांबोरझाऊ' नावाचा नवा ठेका आला. त्याची चाल कँडोम्ब्लेसारख्या आफ्रिकी-ब्राझिली उपासनेत आणि लोकनृत्यात वाजणाऱ्या ढोलांच्या जवळची होती. म्हणजे ज्याला आज जग 'क्लबचं संगीत' म्हणून ओळखतं, त्याच्या पोटात देवापुढे वाजणारा ढोल आहे.

मग 'फॉन्क' कुठून आलं?

'फॉन्क' हा वेगळा प्रवाह. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात घरगुती कॅसेटवर निघणारं रॅप हे त्याचं मूळ. पुढे रशियातल्या तरुणांनी ते उचललं, त्यात गाईच्या गळ्यातल्या घंटेसारखा इलेक्ट्रॉनिक आवाज घातला आणि गाड्यांच्या व्हिडिओंना जोडलं. त्यात रिओचा ठेका मिसळला आणि तयार झालं 'ब्राझिलियन फॉन्क'. ते बनवणारे सगळे ब्राझीलचे आहेत असंही नाही. युरोपात एखाद्या खोलीत बसून लॅपटॉपवर 'ब्राझील' तयार करणारेही आहेत.

यातल्या बऱ्याच ट्रॅकच्या नावात 'मोंताजेम' हा शब्द असतो. त्याचा साधा अर्थ जोडणी. गाण्यांचे, आवाजांचे, ओरडण्याचे तुकडे कापून एकमेकांना जोडलेला ट्रॅक म्हणजे मोंताजेम. आपल्याकडे याच कामाला 'डीजे मिक्स' म्हणतात.

मिक्समध्ये नेमकं काय करतात?

गाण्यांची यादी लावणं म्हणजे मिक्स नव्हे. प्लेलिस्टमध्ये एक गाणं संपतं, पोकळी येते, मग दुसरं सुरू होतं. मिक्समध्ये ती पोकळी राहत नाही.

प्रत्येक गाण्याला एक वेग असतो. मिनिटाला किती ठोके पडतात यावर तो मोजतात. एक गाणं मिनिटाला ९६ ठोक्यांचं आणि पुढचं १३० चं असेल तर ते थेट जोडल्यावर नाचणाऱ्याचा पाय अडखळतो. डीजे दुसरं गाणं आधी हेडफोनवर ऐकतो, त्याचा वेग पहिल्याशी जुळवतो, सम कुठे पडते ते बघतो आणि एकाचा आवाज उतरवत दुसऱ्याचा चढवतो. ऐकणाऱ्याला गाणं कधी बदललं ते कळलं नाही, तर काम फत्ते.

दुसरं कौशल्य क्रमाचं. सुरुवात कशाने करायची, गर्दीला कुठे तापवायचं, कुठे दम घेऊ द्यायचा आणि शेवट कुठे करायचा. तासाभराच्या चांगल्या मिक्सला सुरुवात, चढ आणि उतार असतो.

हे वाचून भजनात बसलेल्या माणसाला काहीतरी ओळखीचं वाटेल, आणि ते बरोबर आहे.

पंढरीचा 'नॉनस्टॉप' जुनाच आहे

वारकरी भजनात कुणीही उठून मनाला येईल तो अभंग म्हणत नाही. मंगलाचरणाने सुरुवात, मग रूपाचे अभंग, मग दिवसाच्या वेळेप्रमाणे आणि प्रसंगाप्रमाणे पुढचे. पहाटे काकडा, संध्याकाळी हरिपाठ, असा क्रम लागलेला असतो. त्यासाठी वापरतात त्या पुस्तकाचं नावच 'भजनी मालिका' आहे. वेगवेगळ्या शतकांतल्या ज्ञानेश्वर, नामदेव, चोखामेळा, एकनाथ, तुकाराम या संतांच्या रचना एका माळेत ओवलेल्या. संकलन म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?

जोडणीचं तंत्रही आहे. एक अभंग संपला की नामाचा गजर होतो, गजरात टाळ तापतात, पखवाजावर लय दुप्पट होते, पावली सुरू होते आणि त्या लाटेवरूनच पुढचा अभंग उचलला जातो. मध्ये पोकळी नाही. दिंडी चालत असताना तर ही माळ तासन्‌तास तुटत नाही.

फरक एका गोष्टीत आहे आणि तो मोठा आहे. भजनातला वेग माणसाच्या श्वासाला आणि पायाला बांधलेला असतो. म्हणणारा दमला की लय उतरते. टाळकरी एकमेकांकडे बघत वाजवतात. शेजारच्याचा आवाज ऐकू आला नाही तर भजन जमतच नाही. यंत्र दमत नाही, म्हणून ते कधी थांबवायचं हे माणसाला ठरवावं लागतं.

पंढरपूरने आणखी एक मिश्रण पाहिलंय. रुक्मिणीमातेच्या परंपरागत सेवेतल्या उत्पात मंडळींमध्ये बैठकीच्या लावणीची जुनी परंपरा होती. विठ्ठलाच्या गावात अभंगाबरोबर लावणीही नांदली. त्यामुळे 'शुद्ध भक्तिसंगीत आणि बाकीचं सगळं बाहेरचं' अशी सरळ रेघ या गावात आधीही नव्हती.

कॅसेट आली आणि देऊळ गल्लीबाहेर पडलं

१९८० च्या दशकात स्वस्त कॅसेट आली. पंढरीची वारी करून परतणाऱ्याच्या पिशवीत बुक्का, चुरमुरे आणि तुळशीमाळेबरोबर भक्तिगीतांची कॅसेटही जाऊ लागली. ती घरात, एसटी स्टँडवरच्या टपरीत, ट्रकच्या केबिनमध्ये वाजली. एका कॅसेटमध्ये एकापाठोपाठ आठ-दहा गाणी, म्हणजे हेही संकलनच.

या काळाचा आवाज होता प्रल्हाद शिंदे यांचा. 'पाऊले चालती पंढरीची वाट' माहीत नाही असं मराठी घर शोधावं लागेल. १९३३ ते २००४ एवढं आयुष्य लाभलेल्या या गायकाने विठ्ठलाची गाणी गायली, भीमगीतं गायली, कव्वालीही गायली.

इथे एक तारीख आठवावी लागते. पंढरपूरचं विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजासाठी खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींनी उपोषण केलं ते मे १९४७ मध्ये. तोवर त्या समाजाला विठ्ठलाचं दर्शन महाद्वाराबाहेरूनच, चोखोबांच्या समाधीपाशी उभं राहून. दलित समाजातून आलेले प्रल्हाद शिंदे तेव्हा साधारण १४ वर्षांचे होते. पुढे त्यांचाच आवाज पंढरीच्या वाटेचा आवाज झाला. शतकानुशतकं जे देवळाने केलं नाही ते काही वर्षांत कॅसेटने केलं. तिने दाराशी जात विचारली नाही.

स्वस्त यंत्र हातात आलं की आजवर बाहेर उभा असलेला माणूस आत येतो. रिओत ड्रम मशीनने हेच केलं. वरच्या वर्गाच्या क्लबमध्ये ज्यांना प्रवेश नव्हता त्यांनी आपल्या वस्तीत आवाजाच्या भिंती उभ्या केल्या. 'फुराकाऊ २०००' सारख्या साउंड कंपन्या त्यातून मोठ्या झाल्या.

आणि मिक्समध्ये हमखास वापरली जाणारी आपली हलगी? ती पिढ्यान्‌पिढ्या वाजवली गावकुसाबाहेरच्या समाजांनी. सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यात चित्रीकरण झालेला 'सैराट' २०१६ मध्ये आला आणि 'झिंगाट'वर परदेशातली लग्नंही नाचली. तोपर्यंत हलगीला 'संगीत' म्हणायला शहरातली बरीच मंडळी तयार नव्हती.

'डीजे' म्हणजे कोण?

आता मूळ मुद्दा. मराठीत 'डीजे' हा शब्द एकाच वेळी चार गोष्टींसाठी वापरला जातो.

एक, गाणी मिसळणारा माणूस. दोन, ट्रकवर किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेली स्पीकरची भिंत. तीन, त्यावर वाजणारं संगीत. चार, त्या सगळ्याचा सहन न होणारा आवाज. 'डीजे लावला', 'डीजे आला', 'डीजेवर बंदी', 'डीजेमुळे त्रास' या चार वाक्यांत शब्द एकच, पण अर्थ वेगवेगळे.

सांगली, सातारा, कोल्हापूरकडे याच यंत्रणेला 'डॉल्बी' म्हणतात. हा तर भाषेचा मोठाच विनोद आहे. रे डॉल्बी यांनी १९६५ मध्ये काढलेल्या कंपनीचं पहिलं नाव झालं ते ध्वनिमुद्रणातली खरखर कमी करणाऱ्या तंत्रामुळे. नको असलेला आवाज घालवणाऱ्याचं नाव आपण नको असलेल्या आवाजाला दिलं.

शब्दांचा हा गोंधळ नुसता भाषेचा राहत नाही. ज्याला आवाजाचा त्रास होतो तो संगीताला शिव्या घालतो. ज्याला संगीत आवडतं त्याला वाटतं की आवाज कमी करायला सांगणारा आपल्या सणावर, समाजावर किंवा वस्तीवर उठलाय. दोघेही 'डीजे' या एकाच शब्दावर भांडतात आणि वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असतात.

ब्राझीलमध्ये हा गोंधळ कुठवर गेला?

रिओमध्ये बायले फंकवर 'गुंडांचं संगीत' असा शिक्का होता. काही पार्ट्या अमली पदार्थांच्या टोळ्यांच्या वस्त्यांमध्ये होत हे खरं. पण सरकारने गुन्हा आणि गाणं यांच्यात फरक करण्याऐवजी बराच काळ गाण्यालाच धरलं. २००८ मध्ये रिओ राज्याने अशा पार्ट्यांवर कडक अटी घालणारा कायदा केला. कलाकारांनी त्याविरुद्ध मोहीम उभारली. २००९ मध्ये तो कायदा रद्द झाला आणि फंक ही सांस्कृतिक चळवळ आहे असं मान्य करणारा नवा कायदा आला.

तरी विषय संपला नाही. २०१७ मध्ये फंकला थेट गुन्हा ठरवा अशी मागणी २० हजारांहून जास्त सह्यांनिशी ब्राझीलच्या सिनेटमध्ये पोहोचली. ती तपासण्याचं काम आलं १९९४ चा फुटबॉल विश्वचषक गाजवणारे आणि नंतर सिनेटर झालेले रोमारिओ यांच्याकडे. मागणी फेटाळली गेली.

मग आली १ डिसेंबर २०१९ ची पहाट. साओ पाउलोतल्या पराइसोपोलिस वस्तीत रस्त्यावर फंकची पार्टी सुरू होती. पोलीस कारवाईच्या वेळी गर्दी अरुंद गल्ल्यांमध्ये पळाली आणि ९ तरुण-तरुणींचा जीव गेला. सगळ्यात लहान १४ वर्षांचा होता.

याच काळात तेच संगीत जगाच्या मंचावर देशाची ओळख बनत होतं. टोकियो ऑलिम्पिकमध्ये ब्राझीलची जिम्नॅस्ट रेबेका आंद्रादेने फ्लोअरवर जी कसरत केली तिच्या संगीतात एका बाजूला बाख होता आणि दुसऱ्या बाजूला बायले फंक. तेही मिक्सच. २०२४ मध्ये पॅरिसला तिने फ्लोअर प्रकारात सुवर्ण जिंकलं, तेव्हाही तिच्या संगीतात ब्राझीलची फंक-पॉप गायिका अनिता होती. त्याच वर्षी ब्राझीलने १२ जुलै हा राष्ट्रीय फंक दिन म्हणून जाहीर केला.

ज्या संगीताला गुन्हा ठरवायची मागणी होती, त्याला सात वर्षांत राष्ट्रीय दिवस मिळाला. मधल्या काळात गेलेले जीव मात्र परत आले नाहीत.

आपल्याकडे कायदा काय म्हणतो?

महाराष्ट्रातही आवाजाचा प्रश्न खोटा नाही. २०१४ मध्ये साताऱ्यात विसर्जन मिरवणुकीच्या वेळी भिंत कोसळून तिघांचा मृत्यू झाला आणि डॉल्बीच्या दणक्याकडे बोट दाखवलं गेलं. त्यानंतर पश्चिम महाराष्ट्रात 'डॉल्बीमुक्त' उत्सवाच्या मोहिमा झाल्या. २०१८ मध्ये साउंड व्यावसायिक मुंबई उच्च न्यायालयात गेले, पण गणेशोत्सवात ही यंत्रणा वाजवायला दिलासा मिळाला नाही. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की ध्वनिक्षेपक हा कुठल्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही.

मूळ नियम आहेत २००० सालचे, ध्वनिप्रदूषण नियंत्रणाचे. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र, तिथे दिवसा ५० आणि रात्री ४०. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. वर्षातल्या जास्तीत जास्त १५ दिवशी राज्य सरकार १२ वाजेपर्यंत सूट देऊ शकतं. सार्वजनिक जागी ध्वनिक्षेपक लावला तर त्या जागेच्या हद्दीवरचा आवाज भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलने जास्त किंवा ७५ डेसिबल, यातलं जे कमी असेल तेवढाच हवा. म्हणजे निवासी गल्लीत दिवसा ६५.

या नियमांत 'डीजे' हा शब्द महत्त्वाचा नाही आणि 'रिमिक्स' तर नाहीच. अभंग असो की फॉन्क, नियम बघतो आवाज, वेळ आणि जागा.

डेसिबलचं गणित मात्र फसवं असतं. १० डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची ऊर्जा दहा पट झाली. २० वाढले तर शंभर पट. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत चालतो, ९० चा फक्त ४ तास आणि १०० चा जेमतेम २० मिनिटं. कानाच्या आतल्या बारीक केसांसारख्या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. मिरवणुकीत सगळ्यात जास्त वेळ स्पीकरजवळ असतात ते यंत्रणा चालवणारे आणि पुढे नाचणारी पोरं. म्हणजे पहिला बळी तक्रार करणाऱ्याचा नाही, हौस करणाऱ्याचाच जातो.

आणखी एक बारकावा. नियमांतली मोजणी 'ए' पद्धतीची आहे. माणसाचा कान खोल बास कमी ऐकतो, म्हणून या पद्धतीत बासला कमी वजन दिलेलं असतं. ५० हर्ट्झच्या खोल आवाजाचे सुमारे ३० डेसिबल मोजणीत वजा होतात. पण तोच बास भिंतीतून आरपार जातो, खिडक्या थरथरवतो, छातीत जाणवतो. मीटरवरचा आकडा आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाची छाती यांचं जमत नाही, त्यामागचं एक कारण हे. पंढरपूरच्या प्रदक्षिणा मार्गासारख्या दोन्ही बाजूंनी घरं असलेल्या जुन्या रस्त्यावर तर आवाज भिंतींवर आपटून परत येतो.

आणि गाणं कुणाचं?

आवाजावर निदान भांडण तरी होतं. मालकीवर कुणी बोलतच नाही.

तुकोबांचे अभंग १७ व्या शतकातले. त्यांच्या शब्दांवर कुणाचाही कॉपीराइट नाही. पण आज आपण जी चाल ऐकतो ती एखाद्या संगीतकाराची असू शकते. भारतात गीतकार आणि संगीतकार यांचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं. १९७५ मध्ये निघालेल्या तबकडीचा हक्क २०३५ अखेरपर्यंत जिवंत आहे. म्हणजे शब्द संतांचे असले तरी जुनं रेकॉर्डिंग उचलून त्यावर बास टाकायचा तर परवानगी लागते.

खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत गाणं वाजवायला १९५७ चा कॉपीराइट कायदा सूट देतो. लग्नाची वरातही त्यात येते. पण ती सूट वाजवण्यासाठी आहे. मिक्स बनवून विकण्यासाठी किंवा त्यावर व्ह्यूज कमावण्यासाठी नाही.

परवानगीशिवाय उचलण्याचा खेळ ब्राझीलच्या बाबतीतही जुना आहे. १९८९ मध्ये जगभर गाजलेलं 'लांबाडा' लोकांनी ब्राझीलचं म्हणून डोक्यावर घेतलं. त्याची चाल होती बोलिव्हियातल्या 'लोस क्यार्कास' या गटाची, १९८१ ची. प्रकरण कायद्यापर्यंत गेलं आणि मूळ रचनाकारांचा हक्क मान्य झाला. तोवर १९९० च्या 'घायल' चित्रपटात ती चाल हिंदीतही येऊन गेली होती. पुढे २००४ मध्ये अमेरिकी डीजे डिप्लोने रिओच्या फंकचं 'फाव्हेला ऑन ब्लास्ट' हे मिक्स संकलन काढलं. जगाला हे संगीत कळायला त्याची मदत झाली. पण वस्तीतल्या मूळ गायकांच्या हातात काय पडलं, हा प्रश्न तेव्हापासून विचारला जातोय.

हाच प्रश्न सोलापूर जिल्ह्यातल्या हलगीवाल्यालाही लागू होतो. त्याने एखाद्या जत्रेत वाजवलेली हलगी कुणीतरी मोबाइलवर टिपतो. तिचे चार ठोके कापले जातात, फिरवून फिरवून लावले जातात आणि ट्रकवर वाजतात. त्याला सुपारी मिळाली ती एका संध्याकाळची. मिक्स वर्षभर वाजतो. वर पुढच्या वर्षी 'डीजे आहे, हलगी कशाला' म्हणून त्याची सुपारीही जाते. २०१२ च्या दुरुस्तीनंतर वादकालाही रॉयल्टीचा हक्क आहे. पण ज्याचं नावच कुठे नोंदलेलं नाही, त्याने तो मागायचा कुणाकडे?

मग करायचं काय?

ब्राझीलच्या अनुभवातून एवढं दिसतं की संगीताच्या प्रकारावर बंदी घातल्याने आवाज कमी होत नाही. संगीत अंधाऱ्या गल्लीत जातं आणि पोलीस विरुद्ध वस्ती असा सामना उभा राहतो. उलट 'आमची संस्कृती' म्हणून आवाजाला मोकळं सोडलं तर त्याच वस्तीतली तान्ही बाळं आणि आजारी माणसं भरडली जातात.

म्हणून एका शब्दात कोंबलेल्या चार गोष्टी सुट्या कराव्या लागतील. यंत्रणेवर मर्यादा हवी, आणि ती गणपती, जयंती, उरूस, वरात असा भेद न करता सगळ्यांना सारखी हवी. नाहीतर प्रत्येक समाजाला वाटतं की मीटर फक्त आपल्यासमोरच निघतो. संगीत कुणाला आवडो न आवडो, ते गुन्हा नाही. मिसळणारा माणूस कारागीर आहे, त्याने मूळ गाण्याची परवानगी आणि मूळ वादकाचं नाव घ्यायला हवं. आणि कर्ज काढून स्पीकर घेतलेल्या साउंडवाल्याला मिरवणुकीच्या आदल्या रात्री नियम कळण्याऐवजी सहा महिने आधी कळले, तर निम्मी भांडणं होणारच नाहीत.

राहिला प्रश्न विठ्ठलाच्या गाण्यात रिओचा ठेका चालतो का याचा. त्याचं उत्तर कायदा देणार नाही, पोलीसही नाही. ते ऐकणारे देतील. गवळण आणि भारूड भक्तीत सामावून घेणाऱ्या परंपरेला नवा ठेका पचवणं अवघड नाही. जे मिक्स टिकण्यासारखं असेल ते टिकेल, बाकीचं पुढच्या आषाढीपर्यंत कुणाला आठवणारही नाही.

तोवर एक छोटी गोष्ट कुणालाही करता येईल. असं रील पुढे आलं की खाली गाण्याच्या नावाच्या जागी बघायचं. तिथे बहुतेकदा दोनच शब्द असतात, 'ओरिजिनल ऑडिओ', आणि शेजारी अपलोड करणाऱ्याचं नाव. त्या दोन शब्दांखाली एक संत असतो, एक संगीतकार, एक गायक, एक हलगीवाला आणि रिओतल्या वस्तीतला कुणी ढोलवाला. दाखवलेलं नाव मात्र यांच्यापैकी कुणाचंच नसतं.